कडक शिक्षेचं बिल कोणाच्या नावावर?

कुठलाही भयंकर गुन्हा घडला की पुढचे आठ दिवस कसे जाणार हे आता आपल्याला पाठ झालंय. आधी बातमी, मग मेणबत्त्या, मग टीव्हीवरची आरडाओरड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हापिसातल्या चहाच्या टेबलावर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकमताने ठराव मंजूर होतो: असल्यांना भर चौकात लटकवा. मग एखादा मंत्री कॅमेऱ्यासमोर येऊन सांगतो की आम्ही कायदा आणखी कडक करणार. सगळ्यांना बरं वाटतं. नवव्या दिवशी आपण आपापल्या कामाला लागतो.

या ठरावाला हल्ली शिकलेल्या मंडळींनी एक शास्त्रीय झालर लावली आहे. "अरे, हा साधा इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे. गुन्ह्याची किंमत वाढवा, गुन्हे कमी होतील. बेसिक इकॉनॉमिक्स!" असं म्हणणाऱ्याने एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरला मागणीचा आलेख काढलेला असतो, त्यामुळे बाकीचे गप्प बसतात. आज मला या 'बेसिक इकॉनॉमिक्स'शीच भांडायचं आहे. शिक्षेच्या प्रश्नात अर्थशास्त्र आणू नये असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आणा की, जरूर आणा. पण आणायचंच तर पूर्ण आणा. हिशोबाची एकच ओळ वाचून बिल भरलं असं म्हणायचं, हे वाण्याच्या दुकानात चालत नाही, मग विधानसभेत आणि संसदेत का चालावं?

तर सुरुवात करू मूळ पुरुषापासून. गॅरी बेकर हे शिकागोचे अर्थतज्ज्ञ, १९९२ चे नोबेल विजेते. त्यांनीच सांगितलेला किस्सा आहे. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला ते निघाले होते आणि उशीर झाला होता. पैसे भरून गाडी लांब लावायची, की रस्त्यावर बेकायदा लावून पळत सुटायचं? त्यांनी दंड किती, पकडलं जायची शक्यता किती, याचा मनातल्या मनात हिशोब केला आणि गाडी रस्त्यावर लावली. (दंड झाला नाही!) पुढे १९६८ साली त्यांचा गुन्हा आणि शिक्षेवरचा प्रसिद्ध शोधनिबंध आला. त्याचं सार एका ओळीत मावतं: गुन्हेगाराच्या दृष्टीने गुन्ह्याची किंमत म्हणजे पकडलं जाऊन शिक्षा होण्याची शक्यता गुणिले शिक्षा.

आकडे घालून बघा. समजा नो पार्किंगचा दंड ५०० रुपये आहे आणि वीसपैकी एकदाच गाडी उचलली जाते. म्हणजे नियम मोडण्याची सरासरी किंमत पडली २५ रुपये. शेजारच्या वाहनतळाचे ३० रुपये पडतात. हिशोबी माणूस गाडी कुठे लावेल हे सांगायला नको. आता महापालिकेला ही किंमत २५ वरून ५० करायची आहे. मार्ग दोन. एक, दुप्पट माणसं आणि दुप्पट टोइंग व्हॅन लावून पकडण्याची शक्यता दुप्पट करायची. दोन, दंड ५०० चा १,००० करायचा. पहिल्याला दर महिन्याला पगार लागतात. दुसऱ्याला लागतो एक कागद आणि एक सही.

यातून निघणारा निष्कर्ष काही अर्थशास्त्र्यांनाही मोहात पाडून गेला. पोलीस महाग, शिक्षा स्वस्त, तेव्हा थोड्यांनाच पकडा पण पकडाल त्याला असं बडवा की बाकीचे हजार जण थरथर कापले पाहिजेत. समीकरणाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. आपल्या देशातली राजकीय मंडळी बेकर वाचत नसावीत, पण हा निष्कर्ष त्यांना उपजतच ठाऊक असतो. २०१८ साली बारा वर्षांखालच्या मुलींवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद आली. २०१९ मध्ये पॉक्सो कायद्यात फाशी आली. १ सप्टेंबर २०१९ पासून हेल्मेट नसल्याचा दंड १०० चा १,००० झाला आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचा २,००० चा १०,०००. महाराष्ट्राने शक्ती विधेयक आणलं, त्यातही फाशी होती. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ते मंजूर केलं, पण राष्ट्रपतींच्या मंजुरीअभावी ते अंमलात आलं नाही. प्रत्येक वेळी पिळलेलं बटण तेच, शिक्षेचं.

हे बटण फुकट आहे, असा सगळ्यांचा समज आहे. माझं म्हणणं असं की ते अजिबात फुकट नाही. फक्त बिल दुसऱ्यांच्या नावावर फाडलं जातं.

आधी बघू हे बटण चालतं का. समीकरणात शक्यता आणि शिक्षा ही दोन वेगळी चलं धरली आहेत, एक फिरवलं तरी दुसरं जागचं हलणार नाही अशा भरवशावर. प्रोग्रामर मंडळींना लगेच कळेल की बग इथेच आहे. शिक्षा वाढवली की शक्यता खाली येते, कारण शिक्षेपर्यंतच्या साखळीत प्रत्येक कडीला एक माणूस उभा असतो आणि त्यालाही डोकं असतं.

इंग्लंडचा इतिहास बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तरी फाशी. मग ज्युरीतले लोक काय करायचे? चोरी सिद्ध झाली की मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवायचे! कायदा कडक झाला आणि शपथ घेऊन बसलेली भली माणसं सर्रास खोटं बोलायला लागली. आपल्याकडे ज्युरी नाही, पण बाकी सगळे आहेत. तक्रार करायची की नाही हे ठरवणारं कुटुंब आहे, साक्ष फिरवणारा शेजारी आहे, 'एवढ्याशा पुराव्यावर फाशी कशी द्यायची' म्हणून संशयाचा फायदा देणारे न्यायाधीश आहेत.

आता हे बलात्काराच्या कायद्याला लावून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतंय की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी हा मुलीच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, घरमालक, ओळखीतला कुणीतरी. अशा घरात दहा वर्षांची मुलगी आईला काही सांगते तेव्हा आईपुढे आधीच डोंगर असतो: नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, घर कसं चालेल. त्यात आता 'तुझ्या एका तक्रारीने दिराला फाशी होईल' हा धोंडा आपण आणून ठेवला. तिने तक्रार करण्याची शक्यता वाढली की कमी झाली? २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती. तेव्हा देशभर केवढा संताप होता ते आठवा. त्या संतापातही समितीने डोकं शांत ठेवलं. आपण ठेवलं नाही.

दुसरा बग याहून भयानक आहे. शिक्षांना पायऱ्या लागतात. मोंतेस्क्यूने १७४८ साली हे रशियाचं उदाहरण देऊन मांडलं होतं: दरोड्याला आणि खुनाला शिक्षा एकच असेल तर दरोडेखोर खूनही करणारच, कारण मेलेला माणूस साक्ष देत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव किंमत शून्य. आणि आपण काय केलं? लहान मुलीवरच्या अत्याचाराची वरची शिक्षा तिच्या खुनाच्या शिक्षेइतकीच केली. ज्या नराधमाला हिशोब कळतो असं गृहीत धरून हा कायदा केला, त्याला हाही हिशोब कळेल ना? तो हिशोबी असेल तर कायदा मुलीच्या जिवावर उठतो आणि तो हिशोबी नसेल तर कायद्याचा उपयोगच नाही. यातला कुठलाही पर्याय निवडा आणि मला सांगा की मेणबत्ती कशासाठी लावली होती.

तिसरा बग वेळेचा. ऑफर लेटरवर सही करताना आपण निवृत्तीनंतरच्या ग्रॅच्युइटीकडे बघत नाही, हातात येणाऱ्या पगाराकडे बघतो. गुन्हा करायला निघालेला बावीस वर्षांचा पोरगा आपल्यापेक्षा दूरदर्शी असेल असं मानायला काहीच कारण नाही. त्याला दहा वर्षं आणि वीस वर्षं यांतला फरक जाणवतच नाही, कारण तिथपर्यंत तो बघतच नाही. डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी या अर्थतज्ज्ञांनी फ्लोरिडातल्या अटकेच्या नोंदी घेऊन हे तपासलं. तिथे अठरावा वाढदिवस उलटला की त्याच गुन्ह्याला प्रौढांची, म्हणजे कितीतरी कडक शिक्षा लागू होते. हिशोब खरा असता तर त्या तारखेला गुन्हे धाडकन खाली यायला हवे होते. घसरण जेमतेम निघाली.

उलट बाजूचा प्रयोग हवाईतला. न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी २००४ मध्ये प्रोबेशनवरच्या लोकांसाठी नियम बदलला: अट मोडलीस तर शिक्षा लहान, काही दिवसांचीच, पण नक्की आणि ताबडतोब. २००९ च्या मूल्यमापनात या गटात पुन्हा अटक होण्याचं प्रमाण नेहमीच्या गटापेक्षा ५५ टक्क्यांनी कमी निघालं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नंतर अमेरिकेतल्याच इतर चार राज्यांत हा प्रयोग केला तेव्हा तसा फरक दिसला नाही. म्हणजे 'ताबडतोब आणि नक्की' ही काही जादूची कांडी नाही. ते राबवणारी यंत्रणा आणि माणसं लागतात. पण जगातल्या कुठल्या प्रयोगाने 'उशिरा, क्वचित आणि भयंकर' चालतं असं दाखवलंय, हे मला 'बेसिक इकॉनॉमिक्स'वाल्यांनी सांगावं. खुद्द बेकर यांनीसुद्धा १९६८ च्या त्या निबंधात नोंदवून ठेवलंय की न्यायालयीन अनुभव असलेल्यांच्या मते शिक्षेतल्या बदलापेक्षा शक्यतेतल्या बदलाचा परिणाम जास्त होतो. गुरूचं नाव घ्यायचं आणि पोथीचं ते पान फाडून टाकायचं, असं चाललंय.

आता आपल्याकडचं 'नक्की आणि ताबडतोब' बघू. २०१९ मध्ये बलात्काराच्या खटल्यांत गुन्हा सिद्ध होण्याचं प्रमाण २७.८ टक्के होतं. म्हणजे ज्यांचा निकाल लागला त्या खटल्यांपैकी चारात तीनच्या आसपास सुटले. वेळेचं म्हणाल तर दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणाइतकं देशाचं लक्ष दुसऱ्या कुठल्याच खटल्याकडे नव्हतं. जलदगती न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल दिला, उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये आणि फाशी झाली २० मार्च २०२० ला. सात वर्षं तीन महिने. हा आपला वेगाचा विक्रम समजायचा! मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात २०१४ साली तिघांना फाशी सुनावली गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. ही कालपर्यंत पेपरात असलेली प्रकरणं. ज्या प्रकरणांची पेपरात एक ओळही येत नाही त्यांचं काय होत असेल याची कल्पना करा.

हे असं का? कारण शक्यतेच्या आणि वेगाच्या बटणांना पैसे लागतात. विधी आयोगाने १९८७ साली सांगितलं होतं की दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत. अगदी मंजूर पदं मोजली तरी आपण २१ च्या आसपास अडकलोय, रिकाम्या खुर्च्या वजा केल्यावर त्याहून कमी. फॉरेन्सिक लॅबमधला तंत्रज्ञ, चांगला सरकारी वकील, साक्षीदाराला संरक्षण, हे सगळं बजेटमधून येतं. फाशी मात्र बजेटशिवाय येते. म्हणून दर वेळी फाशीच येते.

आता बिलाकडे वळू. २०१० साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात एक मजेशीर प्रयोग झाला. तिथल्या शिक्षाविषयक सल्लागार आयोगाने न्यायाधीशांना प्रत्येक शिक्षेचा खर्च कळवायला सुरुवात केली. समोर दुसऱ्या दर्जाच्या जबरी चोरीचा आरोपी उभा आहे. त्याला पाच वर्षं कडक देखरेखीच्या प्रोबेशनवर ठेवलं तर खर्च ९,००० डॉलरपेक्षा कमी. त्याच तोडीचा तुरुंगवास आणि नंतरचा पॅरोल दिला तर ५०,००० डॉलरच्या वर. आणि सोबत, अशा माणसाने पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याचा अंदाज. निर्णय न्यायाधीशांचाच, फक्त डोळे उघडे ठेवून करा, एवढंच म्हणणं.

यावर तिथल्या सरकारी वकिलांपैकी काहींनी आक्षेप घेतला: तुम्ही तुरुंगाचा खर्च मोजता, पण तो सुटून पुन्हा कुणाला लुटेल त्याचा खर्च कुठे लिहिलाय? हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. लिहा ना! तो खर्चही लिहा. पण मग सगळेच खर्च लिहा. तुरुंगातून बाहेर पडल्यावर त्याला नोकरी कोण देईल, त्याच्या पोरांचं काय, आत त्याला कोणती संगत लागली, हेही लिहा. अर्धवट बिलावरचा उपाय पूर्ण बिल हा आहे. बिल फाडून टाकणं हा नव्हे.

आपल्याकडच्या न्यायाधीशासमोर असं काही ठेवलं जातं का? शिक्षा किती द्यावी याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं करा, असं २००३ साली मलिमठ समितीने सांगितलं होतं. तशी वैधानिक तत्त्वं आजही नाहीत. कायद्यात 'सात वर्षांपर्यंत' असं लिहिलेलं असतं आणि त्या 'पर्यंत'मध्ये सहा महिनेही बसतात, सहा वर्षंही. पर्याय नाहीत असंही नाही. १९५८ पासून प्रोबेशनचा कायदा आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली आहे, उदाहरणार्थ पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल तर. पण प्रोबेशन चालवायला अधिकारी लागतो, समाजसेवेवर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. तुरुंगाच्या दाराला फक्त कडी लागते.

आणि त्या दाराच्या आत कोण आहे? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त माणसं अशी, की ज्यांना कुठल्याही न्यायालयाने त्या प्रकरणात दोषी ठरवलेलं नाही. शिक्षेच्या चर्चेत आपण रात्र जागवतो आणि खरी शिक्षा निकालाच्या आधीच भोगून होते.

इथे बेकर यांचं समीकरण पुन्हा मांडून बघा, कारण मला सगळ्यात जास्त चीड याच जागी येते. शिक्षेचा धाक म्हणजे नुसती शिक्षेची उंची नव्हे. गुन्हा करणाऱ्याला काय भोगावं लागतं आणि न करणाऱ्याला काय भोगावं लागतं, यांतला फरक म्हणजे धाक. समजा मोबाईल चोरीच्या संशयावरून दोन पोरांना उचललं. एकाने चोरी केली आहे, दुसरा नुसता तिथे उभा होता. पहिल्याकडे वकील आहे, जामीनदार आहे, तो आठवड्यात बाहेर. दुसऱ्याकडे जामीनदार सोडा, नावावर रेशनकार्डही नाही. तो चौदा महिने आत राहतो आणि मग पुराव्याअभावी सुटतो. खऱ्या चोराने भरले सात दिवस, निरपराध्याने भरले चौदा महिने. अशा व्यवस्थेत शिक्षा तीनची तीस वर्षं केली तरी धाक कुठून येणार? वस्तीतल्या पोराने यातून काय शिकायचं? सरळ वागून काही वाचत नाही, जामीनदार असला की वाचतो, हेच ना?

हा काही नवा शोध नाही. बिहारच्या तुरुंगांत, आरोपातल्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेहून जास्त काळ खटल्याविना खितपत पडलेली माणसं १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणातून देशासमोर आली. २००६ पासून कायद्यात तरतूद आहे की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, फाशीसारखे गुन्हे वगळता, सोडता यावं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली. तरतूद चांगली आहे. पण तिचा अर्थ नीट वाचा: तीन वर्षांच्या कमाल शिक्षेच्या गुन्ह्यात एक वर्ष तुम्ही निरपराध असूनही आत काढलंत, तर कायदा म्हणतो, ठीक आहे, आता पुरे. आणि कमाल शिक्षा वाढवली की हे 'पुरे' आपोआप लांबतं! तीनची नऊ वर्षं केली की वर्षाची तीन वर्षं झाली. कडक शिक्षेच्या घोषणेला टाळ्या वाजवताना आपण त्या दुसऱ्या पोराचा मुक्काम वाढवत असतो. बिल कोणाच्या नावावर, याचं हे एक उत्तर.

आता मला ठाऊक असलेला आक्षेप. "न्यायाला किंमत लावता? उद्या म्हणाल, खून झालेल्या माणसाचीही किंमत काढा." मंडळी, किंमत आपण रोजच लावतो, फक्त लपवून. न्यायाधीशाची जागा दोन वर्षं रिकामी ठेवली तेव्हा सरकारने किंमत लावली. पीडित मुलीला साक्षीसाठी सतराव्यांदा तारखेला बोलावलं तेव्हा तिच्या एका दिवसाची किंमत शून्य धरली. हिशोब नाकारला म्हणून हिशोब थांबत नाही, तो बलवानाच्या सोयीने होतो इतकंच.

पण या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी 'बेसिक इकॉनॉमिक्स'वाल्यांपुढेच ठेवतो. 'हजारात एकाला पकडा आणि हजारपट बडवा' हे समीकरणात सरासरीने बरोबर बसतं. पण सरासरी माणूस तुरुंगात जात नाही. एक कुणीतरी जातो, त्याला नाव असतं, आई असते, आणि बाकीच्या नऊशे नव्याण्णवांचं तो एकटा भोगतो. तो एक कोण असेल हे लॉटरीने ठरत नाही. ज्याच्याकडे वकील नाही तोच असतो. लोड टेस्टिंगला सरासरी प्रतिसादवेळ छान येते आणि शेवटच्या एक टक्का युजरांची अवस्था भीषण असते, हे आपल्या धंद्यात पोरंसोरंही जाणतात. तिथे आपण सरासरी दाखवून क्लायंटला गप्प करत नाही. मग माणसाच्या आयुष्याच्या बाबतीत सरासरी का पुरते? केलेल्या गुन्ह्याच्या मानाने शिक्षा असावी, हा नियम अर्थशास्त्राच्या आधीचा आहे आणि अर्थशास्त्राने तो मोडायचा नाही. अर्थशास्त्राने एवढंच करायचं: त्या मर्यादेच्या आत, कुठला पर्याय कुणाला किती महाग पडतो ते उघड करायचं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे, ज्यातून सरकारला खर्च येणार आहे अशा विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. सर्वोच्च न्यायालयासमोर २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात आलेल्या समितीच्या अहवालात म्हटलं होतं की प्रत्येक विधेयकासोबत न्यायालयांवर किती भार पडेल आणि त्याला किती पैसे लागतील हेही लिहा. पुढे न्या. जगन्नाथ राव यांच्या कार्यगटाने २००८ साली त्याचा सविस्तर अहवाल दिला. तो कपाटातून बाहेर काढा. शिक्षा वाढवणाऱ्या प्रत्येक विधेयकाला एक पान जोडा: किती जास्त खटले, किती न्यायाधीश, किती लॅब, किती कच्चे कैदी किती जास्त दिवस आत, तक्रारी वाढतील की दबतील. आणि तेवढ्या पैशाची तरतूद त्याच अर्थसंकल्पात दाखवा. दाखवता येत नसेल तर विधेयक मागे घ्या. मिझुरीसारखा एक कागद सत्र न्यायाधीशाच्या टेबलावरही ठेवा, तुरुंग आणि प्रोबेशन दोन्हींच्या पूर्ण खर्चासकट.

तुम्ही म्हणाल, असलं पान वाचणार कोण? तुम्ही. पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर 'कडक कायदा आला' म्हणून हात जोडलेल्या खुणांचा पाऊस पडेल तेव्हा एवढंच विचारा: शिक्षा वाढली हे कळलं, पकडलं जायची शक्यता किती वाढली? निकाल किती लवकर लागणार? पैसे कुठून आले? ग्रुपवर तुम्हाला 'गुन्हेगारांचा पुळका' आल्याचं सर्टिफिकेट मिळेल. घ्या. मला चार-पाच मिळाली आहेत. फुकट मिळतात.